रात्री गाडी तेवढीच पळवा जेवढं दिसतं

नमस्कार मंडळी, आत्ता रेडिओ ऐकून राहिले असाल आणि थोड्या वेळानं बुटीबोरीहून नाहीतर हिंगणा एमआयडीसीतून शिफ्ट करून घरी निघायचं असेल, तर आधी माझं ऐकून घ्या.

रात्री रोड मोकळा दिसला की बाइकचा एक्सलेटर आपोआप पिळला जातो. पण साठच्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे डोक्यात शिरून ब्रेक दाबेपर्यंत एक-दीड सेकंद गेलाच, त्यानंतर थांबायला कोरड्या रोडवरही अजून २० मीटर तरी लागतात, म्हणजे झाले ४० मीटर, आणि डिप्परवर बाइकचा कामाचा उजेड पडतो साधारण ३०-४० मीटर. म्हणजे दिसलं तेव्हा उशीर झालेला असतो. चाळीसनं चालवा, २५ मीटरच्या आसपास गाडी उभी राहते.

हे सगळं मी सांगून राहिलो ते उभ्या ट्रकसाठी. वर्धा रोड घ्या, वाडीच्या पुढचा अमरावती रोड घ्या, कडेला ट्रक उभा, मागचे लाल लाइट बंद, रेडियमवर चिखल. लांबून वाटतं चालू आहे, जाईल पुढं, आणि तो जागचा हलत नसतो! डाव्या कडेला काळं काही दिसलं तर ते उभंच आहे असं धरून चला, म्हैस असो की ट्रॉली. मला विचाराल तर रात्रीच्या रोडवर यापेक्षा वाईट काही नाही.

समोरून कोणी अप्पर मारत आला तर आपणही अप्पर मारून उत्तर देऊ नका, दोघंही आंधळे व्हाल. एक्सलेटर सोडा, नजर रोडच्या डाव्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा, तो गेल्यावरही डोळे जागेवर यायला काही सेकंद लागतात. आणि आपला लाइट पण बघा बरं, मागे माणूस बसला की गाडीची मागची बाजू दबते, उजेड वर जातो, जवळचा रोड अंधारात अन समोरच्याच्या डोळ्यात सरळ झोत. मेकॅनिककडून सेट करून घ्या, वेळ लागत नाही.

हेल्मेट आयएसआयचं, दोघांनाही, पट्टा लावून. काच रात्री साधी पाहिजे, काळी नको, आणि ओरखडे पडलेली असेल तर बदलाच, त्या ओरखड्यांवर समोरचा उजेड नुसता पसरतो. थंडीत आपल्याकडं सगळे काळं जॅकेट घालतात, पाठीवर आणि हेल्मेटच्या मागं रेडियमची पट्टी लावा, मागच्याला दिसाल.

अन कोणी पडलेलं दिसलं तर थांबा हो. गाडी कडेला घ्या, इंडिकेटर चालू ठेवा, १०८ लावा. पोलीस मागे लागतील म्हणून लोक पुढं निघून जातात, पण २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं आहे, मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची जबरदस्ती करता येत नाही.