पेटीतला राजवाडा

नमस्कार मंडळी. बडोद्यात राजघराण्यावर बोलायचं म्हणजे मनावर दडपण येतं. इथे बसलेल्या प्रत्येकाच्या घरात महाराजांची एखादी तरी आठवण आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली आहे. पण आज सुरुवात इंग्लंडच्या राजघराण्यापासून करतो.

‘द क्राउन’ ही राणी दुसऱ्या एलिझाबेथवरची मालिका तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. नोव्हेंबर २०१६ मध्ये नेटफ्लिक्सवर सुरू झाली, डिसेंबर २०२३ मध्ये संपली. सहा पर्वं, साठ भाग. पुढे ती डिस्कवरही आली. माझ्या भाचीने पहिल्या पर्वाचा डीव्हीडी संच लंडनहून आणला, तर आमच्या प्लेअरवर तो लागेचना. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत. ब्रिटन दोनमध्ये, आपण पाचमध्ये. सगळे विभाग चालवणारा प्लेअर मिळेपर्यंत ती पेटी कपाटात पडून राहिली.

मालिका मी नेटवर आधी पाहिलेलीच होती. तिथे एक भाग संपतो न संपतो तोच पुढचा सुरू होतो. डिस्क संपली की मात्र उठावं लागतं, दुसरी घालावी लागते. त्या दोन मिनिटांत मनात प्रश्न येतात.

उदाहरण सांगतो. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर कोळशाच्या धुराचं दाट धुकं पाच दिवस बसून होतं. हजारो माणसं दगावली. हे खरं. मालिकेत चर्चिलच्या कचेरीतली व्हेनिशिया स्कॉट नावाची तरुण सेक्रेटरी त्या धुक्यात बसखाली सापडते आणि तिच्या मृत्यूने म्हातारा पंतप्रधान हादरतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझे डोळे भरून आले. दुसऱ्यांदा मी तिथेच डिस्क थांबवली आणि शोधायला बसलो. अशी कोणी मुलगी नव्हतीच! हजारोंचा मृत्यू मनात मावत नाही, एकीचा मावतो, म्हणून पीटर मॉर्गनने ती निर्माण केली. लेखकाचा तो हक्कच. पण तिच्यामुळे खऱ्या चर्चिलची बेफिकिरी धुऊन निघते, तिथे माझं त्याच्याशी भांडण आहे. २०२२ मध्ये ब्रिटिश अभिनेत्री ज्युडी डेंच यांनी, ही मालिका कल्पित आहे असं आधी सांगा, अशी जाहीर मागणी केली, ती मला पटते.

आता घरी येऊ. १२ डिसेंबर १९११, दिल्ली दरबार. सिंहासनावर पंचम जॉर्ज, म्हणजे मालिकेतल्या राणीचे आजोबा. आधी निजाम गेले, मग आपले सयाजीराव. साधा पांढरा पोशाख, हातात काठी. मुजरा करून पाठ न दाखवता मागे सरायचं असा रिवाज होता. महाराज एकदाच लवले आणि वळून चालू लागले. इंग्रजी वर्तमानपत्रांनी राजद्रोहाची ओरड केली. आपला गोंधळ उडाला, असं महाराजांनी व्हाइसरॉय हार्डिंगना लेखी कळवलं. लोकांनी मात्र तो बाणेदारपणाच मानला, आजही मानतात.

गंमत म्हणजे त्या दरबाराचं चित्रण झालेलं आहे. १९१२ मध्ये लंडनच्या थिएटरांत ते झळकलं. पण पडद्यावरचा तो क्षण दोन-चार सेकंदांचा. थांबवायची सोय नव्हती, मागे न्यायची नव्हती. ज्याने त्याने आपल्याला हवं तेच त्यात पाहिलं.

आणि हेच महाराज. त्यांच्या ग्रंथालय खात्यातून लाकडी पेट्या भरून पुस्तकं गावोगाव जायची. त्याच खात्याची एक शाखा खेड्यांत फुकट सिनेमा दाखवायची. माझी आजी तशा एका पेटीतून पुस्तक घ्यायची. ते परत करायच्या आधी दोनदा वाचायची, असं आई सांगत असे.

आता जरा दिवे मालवा. दरबाराचा तो तुकडा लावतो. महाराज वळताना तुम्हाला जिथे शंका येईल तिथे ‘थांबा’ म्हणा, मी थांबवीन. मागे न्यायचं असेल तर तेही सांगा.