हो की नाही

(कँटीनमधले टेबल. पाच उपडे पत्ते, त्यांवर पाच तळवे.)

दुपारची पाळी सुरू व्हायला अजून पाऊण तास आहे. ठाणे जिल्ह्यातल्या एका रासायनिक कारखान्याच्या कँटीनमध्ये चहाचे ग्लास बाजूला सारून पाच जण पत्ते घेऊन बसले आहेत. वाचून दाखवलेला पत्ता असा आहे : अमोनियाची गळती झाली आहे, नोंदीप्रमाणे असेंब्ली पॉइंटवर, म्हणजे धोक्याच्या वेळी सर्वांनी जमायच्या जागी, 41 माणसे हवीत आणि मोजणीत 40 भरतात, श्वसनसंच घातलेले पथक पोहोचायला दहा मिनिटे लागणार आहेत. तुम्ही शिफ्ट इन्चार्ज आहात. राहिलेल्या एकाला शोधायला कोणाला आत पाठवाल का? उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढेच द्यायचे आहे आणि तेही पत्ता उपडा ठेवून.

या खेळाचे मूळ जपानमधल्या कोबे शहरात आहे. 17 जानेवारी 1995 रोजी पहाटे 5 वाजून 46 मिनिटांनी झालेल्या भूकंपाने 6,434 बळी घेतले आणि तीन लाखांहून अधिक लोकांना निवारा केंद्रांत आणून बसवले. त्यांच्या अन्नपाण्याची व्यवस्था ज्या महापालिका कर्मचाऱ्यांकडे होती, त्यांच्यातले कित्येक जण स्वतःही भूकंपग्रस्तच होते. यामोरी कात्सुया, किक्कावा तोशिको आणि अजिरो त्सुयोशी या संशोधकांनी पुढे या कर्मचाऱ्यांच्या मुलाखतींतून त्या दिवसांत त्यांच्यापुढे उभे राहिलेले पेच वेचले आणि 2004 मध्ये त्यांतून 'क्रॉसरोड' नावाचा पत्त्यांचा खेळ तयार झाला. त्यातला एक पत्ता सर्वांत प्रसिद्ध आहे. निवारा केंद्रात 3,000 माणसे आहेत, हाती आलेले जेवण 2,000 जणांपुरते आहे आणि पुढचे जेवण कधी येईल याचा पत्ता नाही; तर आहे ते वाटायला सुरुवात करायची का?

पत्त्याच्या मागे याचे उत्तर छापलेले नाही, आणि आमच्या मते या खेळाचे सगळे बळ तिथेच आहे.

नियम थोडे आहेत. सर्वांनी एकाच वेळी पत्ते उलटायचे आणि ज्या बाजूला बहुमत असेल त्यांना एकेक निळी गादी मिळते. मात्र चौघे एकीकडे आणि एकटा दुसरीकडे असेल, तर सोनेरी गादी त्या एकट्याला मिळते आणि चौघांना काहीच मिळत नाही. (चांगल्या उत्तराला बसायची गादी बक्षीस द्यायची, ही जपानमधल्या विनोदी कार्यक्रमांतली गंमत.) इथल्या गाद्या स्टोअरमधल्या एका ताईंनी ब्लाउजपिसाच्या उरलेल्या कापडातून शिवल्या आहेत, त्या मुठीत मावतात आणि सोनेरीच्या जागी हळदीच्या रंगाचे कापड आहे. पत्तेही कोबेचे नाहीत. त्या धर्तीवर, याच कारखान्यातल्या ऑपरेटर, फिटर आणि सुरक्षारक्षकांशी बोलून ते मराठीत लिहिले आहेत, आणि त्या बोलण्यालाच सर्वांत जास्त वेळ लागला.

(जुने चित्रण : मॉक ड्रिल.)

1984 च्या भोपाळ दुर्घटनेनंतर कायदे कडक झाले. घातक रसायनांविषयीच्या 1989 च्या नियमांनुसार मोठा धोका असलेल्या कारखान्यांना आता दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल, म्हणजे संकटाची रंगीत तालीम, घ्यावीच लागते, आणि ती घेतली जाते. भोंगा वाजतो, माणसे रांगेने बाहेर येतात, मोजणी होते, अहवालावर सह्या होतात. या चित्रणाच्या डाव्या कोपऱ्यात वरती विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, आहे. त्याची शेपटी असेंब्ली पॉइंटकडेच वळलेली आहे, म्हणजे वायू सुटला असता तर तो याच रांगेवर आला असता, आणि रांगेतल्या एकानेही मान वर करून तिकडे पाहिलेले नाही. ड्रिलमुळे पायांना वाट पाठ होते; पण वाट चुकीची असेल तर काय करायचे, हे तिथे कोणी कोणाला विचारत नाही.

(पत्ते उलटतात.)

चार 'हो' आणि एक 'नाही'.

'नाही' प्रयोगशाळेतल्या सर्वांत नव्या केमिस्टचे आहे. पिवळी गादी तिच्यापुढे सरकवली जाते. तिच्या समोर बसलेल्या ज्येष्ठ ऑपरेटरना ती विचारते, "काका, तुम्ही आत गेलात आणि पडलात, तर तुम्हाला आणायला कोण जाणार?"

(निवेदन थांबते. खोलीतला आवाज तसाच राहू द्यावा.)

काका उत्तर देत नाहीत, आणि त्यानंतर बोलणे 41 या आकड्याकडे वळते. हा आकडा आला कुठून? कंत्राटी कामगारांची नोंदवही गेटवरच्या केबिनमध्ये असते. अर्धा दिवस भरून गेलेल्या माणसाचे नाव तिच्यात संध्याकाळपर्यंत तसेच राहते, आणि ड्रिलच्या वेळी ती वही केबिनमधून बाहेर येतच नाही. म्हणजे जो आत नाहीच, त्याच्यासाठी चौघे जण आत माणूस पाठवायला निघाले होते, हेही शक्य आहे. वही आता असेंब्ली पॉइंटवर आणली जाते आणि बाहेर जाताना नावापुढे वेळ लिहिली जाते.

पुढचा पत्ता काकांनी उचलला आहे. ते चष्मा वर सरकवून सावकाश वाचतात : गळती सुरू आहे, सगळी माणसे असेंब्ली पॉइंटवर पोहोचली आहेत आणि वारा त्यांच्याच दिशेने वाहत आहे, मोजणी अर्ध्यावर सोडून सर्वांना दुसरीकडे हलवाल का?

पाचही जण आधी खिडकीबाहेर, विंडसॉककडे बघतात.