स्कायरिमचे जुने पोशाख-मॉड: काय चालतं, काय गेम पाडतं

नमस्कार. मॉड म्हणजे खेळाडूंनी बनवलेल्या, गेममध्ये भर घालणाऱ्या फाइली. "हा पोशाखाचा मॉड २०१३ सालचा आहे, आता टाकला तर चालेल का?" या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही, कारण त्यात तारखेला नको तितकं महत्त्व दिलेलं असतं. स्कायरिम हा गेम ११ नोव्हेंबर २०११ रोजी आला तो ३२ बिटचा होता. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी स्पेशल एडिशन आली ती ६४ बिटची, आणि तेव्हा मेश (वस्तूचा त्रिमितीय आकार), प्लगइन (गेममध्ये नव्या नोंदी जोडणारी फाइल) आणि बीएसए आर्काइव्ह (अनेक फाइली बांधलेलं गाठोडं) या तिन्हींची रचना बदलली. २०२१ च्या ॲनिव्हर्सरी एडिशनने डीएलएल (गेमच्या प्रोग्रॅमला थेट जोडला जाणारा कोड) वापरणाऱ्या मॉडची दाणादाण उडवली, पण निव्वळ कपड्यांच्या मॉडला धक्काही लागला नाही. त्यामुळे २०१७ मध्ये स्पेशल एडिशनसाठी बनवलेला झगा आजही बिनदिक्कत चालतो. याउलट जुन्या आवृत्तीसाठी बनवलेला झगा काल अपलोड झालेला असला, तरी तो तपासल्याशिवाय घालू नये. मॉड किती जुना आहे यापेक्षा तो कोणत्या आवृत्तीसाठी आहे, हे आधी बघा.

संगणकाच्या सुरक्षिततेचा मुद्दा आधी उरकून टाकू. कपड्यांच्या मॉडमध्ये ईएसपी (म्हणजे प्लगइन), कधी बीएसए, एनआयएफ मेश, डीडीएस टेक्श्चर (मेशवर चढवायची चित्रं), शरीराचा आणि कपड्यांचा आकार जुळवणाऱ्या बॉडीस्लाइड या प्रोग्रॅमच्या काही फाइली आणि क्वचित पेक्स स्क्रिप्ट (गेमच्या आत चालणारा कोड) एवढंच असायला हवं. यातलं काहीही विंडोजवर स्वतःहून चालत नाही. झिपमध्ये ईएक्सई किंवा बॅट फाइल दिसली तर ती उघडू नका, थेट काढून टाका. कपडे बसवायला इन्स्टॉलर प्रोग्रॅम लागत नाही. डीएलएल असेल तर ती कशासाठी आहे हे वर्णनात लिहिलेलं असलं पाहिजे, आणि ३२ बिटची जुनी डीएलएल नव्या गेममध्ये चालतही नाही. एक जागा मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. जुन्या फोमॉड, म्हणजे मॉड मॅनेजर या प्रोग्रॅमने बसवायच्या, पॅकेजमध्ये पर्याय विचारण्यासाठी कधी कधी एक्सएमएलऐवजी सी शार्पमधली स्क्रिप्ट असायची. ती म्हणजे खराखुरा कोड असतो. अशी स्क्रिप्ट चालवण्यापेक्षा झिप हाताने उघडा आणि हवी ती फोल्डर घ्या. मूळ पानावरून काढलेले मॉड भलत्याच साइटवरून उतरवायचा मोह आवरता आला, तर या बाजूने फारशी भीती नाही.

आता खरा विषय. गेम कपाळमोक्ष करून डेस्कटॉपवर येऊन पडतो, तो बहुधा मेशमुळे.

पोशाखाची एक एनआयएफ फाइल निफस्कोप या मेश दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा. हेडरमध्ये आवृत्ती २०.२.०.७ दिसेल; ती दोन्ही गेममध्ये सारखीच असते, तिच्यावरून काही ठरवू नका. खाली 'यूझर व्हर्जन २' नावाची ओळ असते, काही नव्या आवृत्त्यांत तिचं नाव 'बीएस व्हर्जन' आहे. तिथे ८३ असेल तर मेश जुन्या गेमची, १०० असेल तर स्पेशल एडिशनची. मग डावीकडच्या यादीत ब्लॉकची नावं वाचा. बीएसट्रायशेप दिसलं तर काम झालेलं आहे. एनआयट्रायशेप दिसलं तर मेश जुनी आहे. गेम ती बऱ्याचदा उघडतो, पण 'बऱ्याचदा'वर पन्नास तासांचा सेव्ह टांगू नये. आणि एनआयट्रायस्ट्रिप्स दिसलं तर थांबा. त्रिकोणांच्या सलग पट्ट्या साठवण्याची ही पद्धत स्पेशल एडिशनला पचत नाही. ती मेश पडद्यावर यायची वेळ आली की गेम बंद पडतो.

उपाय सोपा आहे. एसएसई निफ ऑप्टिमायझर किंवा कॅथीड्रल ॲसेट्स ऑप्टिमायझर हे दोन्ही प्रोग्रॅम संपूर्ण फोल्डरच्या मेश एकाच वेळी बदलून देतात. निफ ऑप्टिमायझरमध्ये 'हेडपार्ट्स ओन्ली' असा एक पर्याय आहे. तो फक्त चेहऱ्याच्या भागांसाठी, म्हणजे पात्र घडवताना निवडतो त्या केसांसाठी, डोळ्यांसाठी, भुवयांसाठी आहे. टोपी, मुकुट, डोक्यावर घालायचा विग हे सगळे गेमच्या लेखी चिलखतच, तिथे ही खूण करायची नाही. मूळ फोल्डरची एक प्रत बाजूला ठेवूनच हे काम करा, कारण हे प्रोग्रॅम आहे त्याच फाइलीवर लिहितात.

रूपांतर करूनही गेम पडत असेल तर ठरावीक ठिकाणी बघायचं. जमिनीवर टाकलेल्या कपड्याची मेश वेगळी असते, आणि इन्व्हेंटरीत फिरताना दिसतं ते चित्रही तिचंच. हाताने एकेक फाइल बदलणारे लोक अंगावरच्या मेश नीट करतात आणि ही विसरतात. मग पोशाख घातल्यावर सगळं छान, पण इन्व्हेंटरीत त्याच्या नावावर आलात की गेम गायब. दुसरं ठिकाण हाडांचं. मेश ज्या हाडांना बांधलेली आहे ती पात्राला हलवणाऱ्या सांगाड्यात नसतील तर पोशाख घालताक्षणी गेम पडू शकतो. जुन्या पोशाखांपैकी बरेच जण विस्तारित (जास्तीची हाडं असलेला) सांगाडा गृहीत धरतात. त्यासाठी एक्सपीएमएसएसई हा सांगाडा बसवा, आणि दुसऱ्या कुठल्या मॉडने तो झाकलेला नाही ना, हे मॉड मॅनेजरमध्ये पाहा. तिसरं, नावाच्या शेवटी शून्य आणि एक अशी शेपटी असलेल्या मेशच्या जोड्या. बारीक आणि जाड शरीरासाठी दोन मेश असतात आणि गेम त्या दोघींमधलं अंतर मोजून मधलं वजन काढतो. दोन्हींमधल्या बिंदूंची संख्या आणि क्रम तंतोतंत सारखा लागतो. एक जुनी आणि एक दुसरीकडून उचललेली अशी जोडी लावली की कापड काट्यांसारखं चारी दिशांना फुटतं, किंवा गेमच पडतो.

शरीराच्या मॉडचा प्रश्न इथेच येतो आणि त्याची लोक उगाच धास्ती घेतात. पोशाख यूएनपी या शरीराच्या मॉडसाठी असेल आणि तुमचं शरीर सीबीबीई थ्रीबीए या दुसऱ्या मॉडचं असेल, तर मानेला, मनगटाला फट दिसेल, पोत जुळणार नाही. हे कुरूप आहे, धोकादायक नाही. बॉडीस्लाइडसोबत येणाऱ्या आउटफिट स्टुडिओत रूपांतराचा संदर्भ लावून पोशाख नव्या शरीरावर बसवायचा, हाडांची वजनं (कोणतं हाड कापड किती ओढतं ते आकडे) नव्याने कॉपी करायची आणि बॉडीस्लाइडमधून बारीक आणि जाड अशा दोन्ही मेश एकदम बनवून घ्यायच्या. वेळ जातो, पण यात सेव्हला काही होत नाही.

हलणाऱ्या कापडाची गोष्ट वेगळी. कापड हलवायला जुन्या गेममध्ये एचडीटी-पीई हे साधन होतं, नव्यात एसएमपी आहे, आणि दोघांची भाषा एकमेकांना कळत नाही. जुन्या मेशमध्ये भौतिकीच्या फाइलीचा पत्ता सांगणारी एक ओळ असते. नव्या गेममध्ये ती कुणीच वाचत नाही. परिणामी झालर काठीसारखी ताठ राहते, किंवा तिचे पदर जमिनीपर्यंत ताणले जातात. ती ओळ काढून टाकायची आणि आउटफिट स्टुडिओत त्या भागाची वजनं शरीराच्या साध्या हाडांवर घ्यायची. झालर डुलणार नाही, पण नीट दिसेल. डुलायलाच हवी असेल तर एसएमपीची एक्सएमएल नव्याने लिहावी लागते, आणि ते संध्याकाळभरात उरकणारं काम नाही.

टेक्श्चरबद्दल जुन्या मॉडवर होणारा आरोप बहुतेक वेळा खोटा असतो. जुना गेम ३२ बिटचा, त्याला ४ जीबीपलीकडे स्मृती वापरता येत नव्हती, म्हणून तेव्हाचे लोक हात राखून काम करायचे. डीएक्सटी पद्धतीने दाबलेली जुनी टेक्श्चर नव्या गेममध्ये जशीच्या तशी चालतात. ४०९६ बाय ४०९६ चं न दाबलेलं टेक्श्चर ६४ एमबी घेतं, मिपमॅप (त्याच चित्राच्या लहान होत जाणाऱ्या प्रती) धरून सुमारे ८५. तेच बीसी७ या दाबायच्या पद्धतीत १६ एमबी आणि मिपमॅपसकट सुमारे २१. म्हणजे जड मॉड ओळखायचा तर टेक्श्चरचा आकार आणि दाब बघा. टीजीए फाइली किंवा अनोळखी १६ बिट रंगपद्धती सापडल्या तर त्या मात्र कॅथीड्रलमधून बदलून घ्या. कपडा जांभळा दिसला तर टेक्श्चर सापडत नाही असा अर्थ. पुष्कळदा मेशमध्ये बनवणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकाचा पत्ता तसाच राहिलेला असतो. निफस्कोपमध्ये तो 'टेक्श्चर्स' या फोल्डरपासून सुरू होईल असा करायचा.

जुन्या बीएसएची आवृत्ती १०४ आणि नव्याची १०५. जुनी बीएसए नव्या गेमला तशीच देऊ नका. ती सोडवा, आतल्या मेश वर सांगितल्याप्रमाणे बदला आणि फाइली मोकळ्या ठेवा किंवा नव्याने बांधा.

आता प्लगइन. जुन्या प्लगइनमधल्या नोंदी फॉर्म आवृत्ती ४३ च्या असतात, नव्या फॉर्म आवृत्ती ४४ च्या. कपड्यांच्या नोंदींपुरता हा फरक सहसा दिसून येत नाही, म्हणून "मी तर तसाच वापरतो, काही झालं नाही" असं सांगणारे पुष्कळ भेटतात आणि ते खोटं बोलत नाहीत. पण पोशाखाबरोबर कट्यार किंवा धनुष्य दिलेलं असेल तर शस्त्राच्या नोंदीतल्या क्रिटिकल फटक्याच्या भागाची मांडणी ६४ बिटसाठी बदलली आहे, आणि तिथे जुनी नोंद चुकीची वाचली जाऊ शकते. नव्या क्रिएशन किटमध्ये (गेमच्या अधिकृत संपादन-प्रोग्रॅममध्ये) प्लगइन सक्रिय फाइल म्हणून उघडायचं आणि सेव्ह करायचं, एवढंच काम आहे. फक्त हेडरवरचा आकडा बदलून देणारी साधनं वापरू नका; त्यांनी पाटी बदलते, आतलं सामान तेच राहतं.

त्याआधी एसएसईएडिट या प्लगइन तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्लगइन उघडा आणि मास्टर फाइली (ज्यांच्यावर ते अवलंबून आहे त्या) बघा. जुन्या गेमच्या हाय रिझोल्यूशन टेक्श्चर पॅकच्या ईएसपी किंवा लेजंडरी एडिशनचा अनऑफिशियल पॅच तिथे नोंदलेला असेल, तर नव्या गेममध्ये त्या फाइलीच नाहीत आणि मुख्य मेनू यायच्या आधी गेम पडेल. बऱ्याचदा त्यांचा प्रत्यक्ष वापर शून्य असतो. त्यामुळे एसएसईएडिटला प्लगइन उघडता यावं म्हणून त्याच नावाची रिकामी फाइल तात्पुरती ठेवायची, 'क्लीन मास्टर्स' करायचं आणि ती रिकामी फाइल काढून टाकायची. मग चुका तपासा. पोशाखाच्या मॉडमध्ये चिलखत, आर्मर ॲडऑन (चिलखताला मेश आणि वंश जोडणारी नोंद), टेक्श्चर सेट आणि भट्टीवरची कृती एवढ्या नोंदी असाव्यात. कपडे मिळण्यासाठी नकाशावर कुठेतरी पेटी ठेवलेली असेल तर सेलची (नकाशाच्या तुकड्याची) नोंदही असेल, आणि घोटाळा तिथेच लपलेला असतो: पेटी ठेवता ठेवता हललेलं झाड, पुसलेली वस्तू, कधी पुसलेला नॅव्हमेश (पात्रांना कुठून चालायचं ते सांगणारा नकाशा). पुसलेल्या वस्तू 'अनडिलीट अँड डिसेबल'ने परत आणता येतात. पुसलेला नॅव्हमेश दिसला तर सरळ पेटीची सगळी नोंद काढा आणि भट्टीची कृती जोडा.

स्क्रिप्टबद्दल मी सगळ्यात कडक आहे. मेशमुळे गेम पडला तर मॉड काढा, विषय संपला. स्क्रिप्ट सेव्ह फाइलमध्ये लिहिली जाते आणि मॉड काढल्यावरही तिथे उरते. पेक्स फाइलींची रचना बदललेली नाही, त्यामुळे जुनी स्क्रिप्ट नव्या गेममध्ये निवांत चालू होते. अडचण ती काय करते ही आहे. दुकानांच्या यादीत कपडे घुसवणारी, दर काही सेकंदांनी जागी होणारी, पात्राला आपोआप पोशाख चढवणारी, अशी कुठलीही स्क्रिप्ट कपड्यांच्या मॉडला लागत नाही. एसएसईएडिटमध्ये अशा स्क्रिप्टची क्वेस्ट (मोहिमेची) नोंद दिसली तर ती काढून कपडे भट्टीवर आणा. आणि मॉडच्या स्क्रिप्ट फोल्डरमध्ये ॲक्टर, गेम, फॉर्म अशा नावांच्या फाइली सापडल्या तर त्या ताबडतोब फेका. त्या कुणीतरी चुकून बरोबर बांधलेल्या जुन्या एसकेएसईच्या (स्क्रिप्टची क्षमता वाढवणाऱ्या साधनाच्या) असतात, आणि तुमच्या नव्या एसकेएसईवर बसून भलत्याच मॉडची वाट लावतात. दोष शोधताना कपड्यांवर संशय कुणाचाच जात नाही, हीच तर गंमत.

चाचणी चालू खेळात करायची नाही. मॉड मॅनेजरमध्ये रिकामी प्रोफाइल बनवा, त्यात सांगाडा, शरीर आणि हा एकच मॉड. मुख्य मेनूतूनच कन्सोल (आज्ञा टाइप करायची जागा) उघडून सीओसी आज्ञेने रिव्हरवुडला जा, हेल्प आज्ञेने वस्तूचा क्रमांक शोधा, घ्या, घाला. पहिल्या आणि तिसऱ्या दृष्टिकोनातून बघा, वजन शून्य आणि शंभर करून बघा, इन्व्हेंटरीत फिरवा, जमिनीवर टाका, उचला, खजितसारख्या वेगळ्या वंशावर घालून बघा. तिथे पोशाख अदृश्य झाला तर आर्मर ॲडऑनमध्ये तो वंश जोडायचा राहिलाय.

कपड्यांची प्लगइनं हलकी करून ईएसएल (म्हणजे हलकं प्लगइन) ही खूण लावायला उत्तम. नेहमीच्या २०४८ नोंदींच्या मर्यादेत ती आरामात बसतात. पण त्यासाठी फॉर्म आयडी (नोंदींचे क्रमांक) दाबून घ्यावे लागले तर ते मॉड पहिल्यांदा वापरण्याआधीच करा. खेळ चालू असताना केलंत तर जुने क्रमांक कुणाचेच राहत नाहीत आणि अंगावरचे, पेटीतले सगळे कपडे नाहीसे होतात. तुम्ही दुरुस्त केलेला मॉड स्वतःपुरता वापरा. दुसऱ्यांना वाटायचा असेल तर मूळ बनवणाऱ्याची परवानगी लागते.

मॉड काढायचा झाला तर आधी तो पोशाख स्वतःच्या आणि सोबत्यांच्या अंगावरून उतरवा, पेट्यांमधून काढा, एखाद्या घरात जाऊन नवा सेव्ह करा आणि मग मॉड बंद करा. स्क्रिप्ट असलेला मॉड असेल तर तो टाकण्याआधीच्या सेव्हवर परत जा. रीसेव्हर या सेव्ह साफ करणाऱ्या प्रोग्रॅमने उरलेल्या स्क्रिप्ट पुसता येतात, पण ते शेवटचं हत्यार आहे. मॉडने एखाद्या पात्राची ठरलेली वेशभूषा बदलली असेल, तर मॉड गेल्यावर ते पात्र काही काळ उघडंवाघडं फिरताना दिसू शकतं. त्याच्या अंगावर दुसरे कपडे येईपर्यंत थांबा किंवा कन्सोलमधून रीसेट करा.