डावा एक, उजवा एक

श्रोतेहो, नमस्कार.

सांगलीला समुद्र नाही. आपली कृष्णा आहे आणि तिच्यावरच्या होड्यांच्या शर्यती आहेत. त्यामुळे 'घरात शिडाचं जहाज बांधतोय' असं कुणी म्हटलं की लोक आधी हसतात, आणि मग हळूच बघायला येतात. आज त्या जहाजांविषयी बोलू. किट आणून बांधायची लाकडी जहाजं, हातभर लांबीची.

डबा उघडला की प्लायचा उभा कणा निघतो, त्याच्या खाचांत बसणाऱ्या फ्रेमा निघतात, पट्ट्यांच्या जुड्या, दोऱ्याची रिळं आणि घड्या घातलेले मोठाले नकाशे. या नकाशांची सगळ्यात आधी झेरॉक्स काढा. चेष्टा नाही करत. 1812 साली 'जावा' नावाचं इंग्रजी लढाऊ जहाज हिंदुस्थानाकडे निघालं होतं, आणि मुंबईच्या गोदीत बांधायच्या एका युद्धनौकेचे नकाशे त्याच्यावर होते. वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'नं 'जावा'ला गाठून हरवलं. नकाशे गेले. पुन्हा नवी प्रत पाठवावी लागली. शेवटी 1817 साली जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मलबारी सागातून बांधलेली 'ट्रिंकोमाली' मुंबईत पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. आपल्या मुंबईत बांधलेलं जहाज, दोनशे वर्षांनंतरही पाण्यावर! आणि किट घ्यायला जावं तर पुढ्यात काय येतं? 'कॉन्स्टिट्यूशन'! माझं मत विचाराल तर इतिहासाच्या शालेय पुस्तकात 'ट्रिंकोमाली'ला एक पान मिळायला हवं. असो.

सांगाडा उभा राहिला की फ्रेमांच्या कडा पॉलिश पेपरनं तिरक्या घासायच्या, म्हणजे पट्टी प्रत्येक फ्रेमवर पूर्ण टेकते. पट्ट्या पाण्यात भिजवून, ऊब देऊन वाकवायच्या आणि नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, निमुळत्या करायच्या. पहिला थर मऊ लाकडाचा, तो लपून जातो. दुसरा पातळ थर बहुधा अक्रोडाचा, तो दिसतो. आणि पट्टी लावताना एक डाव्या अंगाला, एक उजव्या अंगाला. पुन्हा सांगतो, डावी एक, उजवी एक. एकाच बाजूनं लावत सुटलात तर कणाच पिळवटतो. आणखी एक, भडंग खात कामाला बसू नका. तेलकट बोटांचा डाग लाकडात मुरतो, मग पॉलिश तिथं धरत नाही.

आता मिरजेची गोष्ट. ही मी सांगणारच.

आमच्या गल्लीत गणिताचे एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांनी 'कटी सार्क' बांधायला घेतलं. चीनहून चहा आणण्यासाठी 1869 साली पाण्यात उतरलेलं, तीन डोलकाठ्यांचं जहाज. मूळ जहाजावर दोर आणि तारा मिळून अकरा मैल भरतात. मास्तरांनी पट्ट्या सुरेख लावल्या, डोलकाठ्या उभ्या केल्या आणि डोलकाठीला दोन्ही अंगांनी धरून ठेवणारे दोर बांधायला घेतले. प्रत्येक दोर फूटपट्टीनं मोजून कापलेला, एका मापाचा. आधी डावी बाजू सगळी पुरी केली, मग उजवी. ओळंबा धरला तर मधली डोलकाठी डावीकडे झुकलेली! काकू म्हणाल्या, "अहो, तुमचं जहाज विट्याकडे बघतंय."

नातीचा तंबोरा तेव्हा मिरजेत जवारीला, म्हणजे घोडी घासून आवाज जुळवायला, टाकला होता. तो आणायला निघाले तर काकूंनी जहाजही बरोबर दिलं. "त्यांच्याकडे बारीक हत्यारं असतात, दाखवून तरी या." मांडीवर जहाज घेऊन मास्तर रिक्षानं सतारमेकर गल्लीत पोचले.

दुकानातल्या चाचांनी जहाज कसलं, कुठलं, काही विचारलं नाही. चष्मा कपाळावर सरकवला आणि डावीकडचा पहिला दोर नखानं छेडला. टुंग! मग समोरचा उजवा छेडला. भद्द.

"मास्तर, हा चढलाय, हा उतरलाय. ओढ जिकडं जास्त, काठी तिकडं जाणार."

"पण लांबी सारखी आहे," मास्तर म्हणाले. "मोजून कापलेत."

चाचा हसले. "तंबोऱ्याच्या तारा पण लांबीला सारख्याच की. म्हणून काय सगळ्या एका सुरात बोलतात?"

गणिताच्या मास्तरांना उत्तर सुचलं नाही. पुढचा सगळा वेळ ते नुसते बघत बसले.

या दोरांच्या खालच्या टोकाला लाकडाच्या गोल चकत्या असतात, तीन भोकांच्या. एक दोराला, एक जहाजाच्या अंगाला. दोन्हींतून बारीक दोरा ओवून ओढायचा, की वरचा दोर ताणला जातो. मास्तरांनी तिथं फेविक्विक सोडलं होतं, त्यामुळे ओढायला वावच नव्हता. चाचांनी ते दोरे पात्यानं कापले, नवे ओवले आणि सगळे सैल सोडले. मग डावा एक जरासा, त्याच्या समोरचा उजवा जरासा. छेडून बघायचं. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. "खुंटी एकदम पिळली तर तार जाते," एवढंच मध्ये म्हणाले. शेवटी दोन्ही अंगांचे समोरासमोरचे दोर एकच आवाज देऊ लागले. ओळंबा लावला, काठी सरळ. पैसे फक्त तंबोऱ्याचे घेतले.

तेव्हा लक्षात असू द्या, डावा एक, उजवा एक, आणि थोडं थोडं. सगळे दोर जुळेपर्यंत खालची टोकं बांधायची नाहीत. जुळले की मग स्काउटात शिकवतात ती खुंटगाठ मारत दोरांची शिडी विणायची. ती ओढून बांधली तर दोर आत खेचले जातात, म्हणून गाठ बसेल इतपतच ओढा. गाठीवर पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलचा थेंब. फेविक्विक नको, दोरा कडक होऊन तुटतो.

दोरा वापरण्याआधी मेणावरून ओढून घ्या, लव बसते आणि दमटपणा कमी धरतो. सुती दोरा ओल लागली की आखडतो आणि हवा कोरडी झाली की सैलावतो. म्हणून पावसाळ्यात पट्ट्या लावा, घासा, पॉलिश करा. दोरांना हात लावायचा तो दिवाळीनंतर.

नमस्कार.