राजाबाई टॉवरमधली आपली खंडी

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'जुन्या दगडी इमारतींची निगा'. त्याकडे येतोच. पण उदाहरणाला घेतलीय मुंबई विद्यापीठाची फोर्टातली इमारत, राजाबाई टॉवर आणि त्याखालचं ग्रंथालय. तिच्याबद्दल जळगावात बोलायचं म्हणजे आधी कापसाचा हिशेब मांडणं आलं.

मुंबईचे कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी 1864 च्या ऑगस्टमध्ये ग्रंथालयासाठी दोन लाख दिले आणि ऑक्टोबरमध्ये टॉवरसाठी आणखी दोन लाख. अट एकच, टॉवरला आईचं, राजाबाईंचं नाव द्यायचं. आई अंध होत्या, सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून त्यांना घंटेवर वेळ कळावी, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे. पण घड्याळाचा मनोरा पुरा व्हायला 1878 उजाडलं, तेव्हा चौदा वर्षं जेवण कशावर चाललं ते विचारू नका.

आता हे चार लाख आले कुठून? अमेरिकेत 1861 ला यादवी पेटली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि मुंबईत भाव कितीतरी पटींनी चढले. तो कापूस काही मलबार हिलवर पिकत नव्हता. तापीकाठच्या काळ्या रानातून निघायचा, आणि त्याच चार वर्षांत जळगाव मोठी पेठ झाली. कापूस मोजायचा खंडीत; खंडी म्हणजे 784 पौंड, आजचे साधारण 356 किलो. 392 पौंडांच्या दोन गाठींची एक खंडी. कपाशीतून रुई निघते तिसरा हिस्सा, बाकी सरकी. म्हणजे खंडीभर रुईला साडेदहा क्विंटलच्या आसपास कपाशी वेचायची, रेच्यावर सरकी काढायची, गाड्या भरायच्या. थळ घाटाचा रेल्वेमार्ग खुला झाला 1865 च्या जानेवारीत. तोवर घाट उतरायचा तो बैलांनी.

भाव चढले की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. रुईत पाणी मारायचं, सरकी राहू द्यायची, माती मिसळायची. भेसळ इतकी वाढली की सरकारला 1863 मध्ये खास कायदा करावा लागला. हसू नका, पहिल्या रांगेत जिनिंगवाले बसलेत! ओलसर रुई वजनाला चढते, पण गाठीत पिवळी पडते, कुजते, आणि शिव्या पडतात त्या गावाच्या नावाला. त्या वेळी शिव्या आपल्याला मिळाल्या आणि दगडावर नाव शेटजींच्या आईचं लागलं, एवढीच माझी तक्रार.

बरं, शेटजींचंही फार काही राहिलं नाही. एप्रिल 1865 मध्ये लढाई संपत आली, भाव कोसळले, आणि 1 जुलैला वायद्यांची मुदत भरली तेव्हा समुद्र भरून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीचे शेअर रद्दी झाले. प्रेमचंदही बुडाले. विद्यापीठाला दिलेली रक्कम मात्र आधीच हातातून सुटली होती. पायाभरणी 1 मार्च 1869 ला झाली आणि मनोरा 280 फुटांवर गेला. आराखडे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचे; हा गृहस्थ मुंबईला कधी आलाच नाही. शेजारच्या दीक्षान्त सभागृहाला सर कावसजी जहांगीरांचं नाव आहे. त्यांच्या घराण्याचं आडनावच रेडीमनी! देणगी मागायला याहून सोयीचं आडनाव नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. ठीक आहे भो, आता निगा.

भिंतींना कुर्ल्याचा पिवळसर दगड, कोरीव कामाला पोरबंदरचा. पोरबंदरी चुनखडीचा असतो. छिन्नीला मऊ, म्हणून नक्षी सुरेख उतरते. पण खारी हवा आणि पाऊस तोच आधी खातात. आपल्याकडच्या काळ्या दगडाला ती भीती कमी, पण सांध्याचं दुखणं दोघांचं एकच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चुन्याच्या सांध्यावर सिमेंट भरणं. सिमेंट श्वास घेत नाही. भिंतीतली ओल मग दगडातून बाहेर पडते, तिच्यातले क्षार पृष्ठभागाखाली जमतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. तेव्हा ते सिमेंट हातछिन्नीनं काढायचं. ग्राइंडर लावला की दगडाची कड गेलीच. सांधा रुंदीच्या दुप्पट खोल मोकळा करा, धूळ काढा, पाणी शिंपडा, मग चुना भरा आणि वर आठवडाभर ओली गोणपाटं ठेवा. भर उन्हात चुना भरू नका, भुकटी होऊन गळतो. हे काम आपल्याकडे दिवाळीनंतरच.

दगड एकमेकांना जखडणारे लोखंडी आकडे असतील तर तेही बघा. गंजलेलं लोखंड कितीतरी पटीनं फुगतं आणि आतून दगड फोडतं. बदलताना स्टेनलेस घाला. तारेचा ब्रश नको, त्याचे कण अडकून दगडावर गंजाचे डाग उठतात. पिंपळ नुसता छाटलात तर पुढच्या पावसाळ्यात दुप्पट येईल. मूळ सांध्यातून निघालं पाहिजे. आणि मे महिन्यात पन्हळी साफ. अर्धी दुखणी तुंबलेल्या पन्हळीची असतात.

चुन्याचं प्रमाण विचारताय? मुरवलेला चुना एक, वाळू तीन. वाळू नदीची, चाळून धुतलेली. तापीची चालेल, गिरणेची चालेल. आणायची कुठून ते मात्र मी सांगणार नाही, समोर महसूल खात्याचे साहेब बसलेत.