ढग रिता होत जातो

(दृश्य: जुलै. कसारा घाटात धुक्यातून वर चढणारी रेल्वे.)

अरबी समुद्रावरून आलेला ढग इथं सह्याद्रीला अडतो. वर चढतो, गारठतो आणि कोसळतो. इगतपुरीत वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून सव्वाशे किलोमीटरवर, याच नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात, तो ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो. घाटमाथ्यावर ढग रिता झालेला असतो. घरांकडे पाहिलं तरी हे कळतं. इगतपुरीकडे उतरती कौलं, येवल्याकडे सपाट धाबी.

घाटाकडच्या पाड्यांवर जुन्या घरांच्या भिंती कारवीच्या. ही कारवी ७ वर्षं नुसती वाढते, एकदाच फुलते, बी टाकते आणि वाळून जाते. तिच्या काठ्या विणून, शेणामातीनं लिंपून कूड उभा राहतो. खाचरात भात, उतारावर नागली आणि वरई.

(दृश्य: एप्रिल. तेच डोंगर, आता पिवळे. विहिरीच्या तळाशी उतरलेल्या बाया.)

एवढा पाऊस झेलणाऱ्या या पाड्यांवर उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी विहिरीच्या तळाशी उतरावं लागतं. कितीदाही पाहिलं तरी हे दृश्य मनातून जात नाही. कारण पायाखाली आहे. इथला काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून थिजला. त्यात पाणी राहतं ते भेगांमध्ये आणि वरच्या मुरमात. उतार तीव्र, माती वीतभर. आभाळ देतं, पण जमिनीला धरून ठेवता येत नाही. वैतरणेच्या धरणात जे अडतं, ते मुंबईची तहान भागवतं.

त्र्यंबकेश्वरजवळच्या अंजनेरीच्या पठारावर एका इवल्या रोपानं याच अडचणीवर उपाय काढलाय. ही खरपुडी. शास्त्रीय नावातही अंजनेरी आहे: सेरोपेजिया अंजनेरिका. कोरड्या महिन्यांत ती जमिनीखाली कंद होऊन पडून राहते. पाऊस आला की उगवते, फुलते आणि पठार सुकायच्या आत आपलं काम उरकते.

येवल्याजवळ ममदापूरच्या माळावर आडोसाच नाही. तिथं काळवीट जगतं ते दूरवर पोचणाऱ्या नजरेवर आणि पळण्याच्या वेगावर.

(दृश्य: डिसेंबर, पहाटेचे चार. निफाडची द्राक्षबाग. ओळींमध्ये पेटलेल्या शेकोट्या.)

आता मुक्काम निफाडला. द्राक्षवेल मूळची थंडीत झोपणारी. थंड मुलखात ती पानं गाळते, हिवाळाभर निजते आणि वसंतात जागी होते. नाशिकची थंडी तिला निजवण्याइतकी नाही, म्हणून तिचं वर्ष इथं कात्री ठरवते. एप्रिलात खरड छाटणी. उन्हाळ्याच्या उन्हात नव्या काड्या वाढतात आणि त्यांच्यावरच्या डोळ्यांत, म्हणजे कोंबांत, घड तयार होतो, बाहेरून न दिसणारा. ऑक्टोबरात गोडी छाटणी, मग तो घड बाहेर पडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल उतरतो. वेलीनं आपली सवय बदलली आणि माणसानं आपलं पंचांग.

पण निफाडची गोदाकाठची जमीन सखल. निरभ्र रात्री तिची ऊब आभाळात निघून जाते, जड गार हवा खाली साचते. त्यात उत्तरेचा वारा. काही रात्री पारा ५ अंशांच्या खाली उतरतो. मणी फुगवणीत असताना अशी थंडी पडली तर मणी तडकतात. वर्षाची मेहनत त्या एका पहाटेवर टांगलेली असते. म्हणून अख्खं घर जागं राहतं. कोणी शेकोटीत काटक्या घालतं, कोणी ठिबक सुरू करतं, कारण विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं.

पूर्वेला उजाडतं. शेकोट्या विझत आल्यात. शेतकरी बॅटरी बंद करतो, एक घड तळहातावर घेतो आणि मणी न् मणी फिरवून पाहतो.