दोऱ्याने मोजलेले आकाश: लेह ते पोर्ट ब्लेअर

नागपूरच्या झिरो माइलवर घोड्यांच्या चार पुतळ्यांशेजारी उभ्या असलेल्या दगडावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी अशा गावांची अंतरे मैलांत कोरलेली आहेत. अंतर मोजण्याचा वारसा या परिसराला जुनाच आहे. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे, म्हणजे त्रिकोण आखून देश मोजण्याच्या मोहिमेचे, प्रमुख विल्यम लॅम्बटन 1823 साली याच कामासाठी नागपूरकडे येत असताना हिंगणघाटला मरण पावले.

आज शहरातल्या एका शाळेत नववीच्या मुली पृथ्वीगोलावर दोरा ताणून भारताच्या दोन टोकांचे विमानतळ जोडत आहेत. एक आहे समुद्रसपाटीपासून सुमारे 3,250 मीटर उंचीवरचे लेह आणि दुसरे अंदमानातले पोर्ट ब्लेअर, ज्या शहराचे नाव 2024 पासून श्री विजयपुरम झाले आहे.

एकीने लेहवर अंगठ्याने पांढरा दोरा दाबून धरला आहे आणि दुसरी तो अंदमानपर्यंत नेत आहे. दोरा सैल असतो तोवर कुठेही सरकतो, पण ताणल्याबरोबर तो गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेवर आपसूक स्थिरावतो. ही वाट तिबेटच्या एका कोपऱ्यावरून आणि पश्चिम नेपाळवरून उतरते, रांची आणि जमशेदपूर यांच्या दरम्यान तिचा मध्य येतो आणि पुढे ती बंगालच्या उपसागरावर निघते. सपाट नकाशावर पट्टी ठेवून ही समज येत नाही, म्हणून प्रत्येक वर्गात पृथ्वीगोल हवाच.

आता दोऱ्यावर शाईची खूण करून तो फूटपट्टीवर ठेवला आहे. लांबी भरली 6.9 सेंटिमीटर. गोलाचा व्यास 30 सेंटिमीटर असल्याने एका सेंटिमीटरला साधारण 425 किलोमीटर पडतात, म्हणजे अंतर सुमारे 2,930 किलोमीटर. अक्षांश-रेखांशांवरून केलेले गणित 2,940च्या आसपास येते. दोऱ्याने इतके जवळचे उत्तर दिले, याचा आनंद मुलींच्या चेहऱ्यावर दिसतोच आहे.

ताशी 830 किलोमीटर वेग धरला, तर या अंतराला साडेतीन तास लागतात, आणि चढण्या-उतरण्याचा व धावपट्टीपर्यंत जाण्या-येण्याचा अर्धा तास मिळवला की चार तास होतात. प्रवासी मात्र एरवी दिल्लीला विमान बदलून जातात. विरळ हवा आणि दुपारनंतर डोंगरांतून सुटणारे वारे यांमुळे लेहची प्रवासी उड्डाणे मुख्यत्वे सकाळीच होतात, आणि दिल्लीत पुढचे विमान चुकले तर मुक्काम पडतो.

मुली आता दुसरा, लाल दोरा लेहवरून दिल्लीला आणि तिथून अंदमानला नेत आहेत: आधी 620 आणि मग 2,490 किलोमीटर. दोन्ही दोरे फूटपट्टीवर शेजारी ठेवले आहेत. लाल दोरा पांढऱ्यापेक्षा चार मिलिमीटरने लांब आहे.